‘माळरान’चं संपादक मंडळ

उमरग्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बिभीषण सरांना गावात कुणी प्राध्यापक म्हणत नाही, संशोधक तर नाहीच नाही. त्यांना म्हणतात शेळीवाले सर. यात गावाची काही चूक नाही. अंगात इस्त्रीचा शर्ट, डोक्याला उपरणं आणि हातात वही घेऊन जो माणूस तीन उन्हाळे दुसऱ्याच्या शेळ्यांमागं माकणीच्या माळावर हिंडतो, शेळी बोरीला तोंड लावते की बाभळीला हे घड्याळात बघून लिहून घेतो, आणि स्वतः मात्र दावणीला एक करडूसुद्धा बांधत नाही, त्याला दुसरं काय म्हणणार? सरांच्या पत्नी म्हाळसाबाई तर त्या उन्हाळ्यांचा उल्लेख ‘ह्यांच्या शेळ्यांच्या येळी’ असा करतात. इतर घरांत बायका बाळंतपणांचा करतात तसा.

त्या तीन उन्हाळ्यांचा मिळून सरांनी एक लेख लिहिला होता. लेख चांगला होता. माळावरची शेळी कडक उन्हाळ्यात आधी काय खाते, मग काय खाते, आणि उपाशी राहिली तरी कशाला तोंड लावत नाही, याचा सगळा हिशोब त्यात होता. चाऱ्याची टंचाई असलेल्या कुठल्याही मुलखात कामी यावा असा. तो कॉलेजच्या वार्षिक संशोधन विशेषांकात छापून आला. अंक स्नेहसंमेलनात वाटला गेला आणि उरलेले गठ्ठे क्रीडा विभागाच्या खोलीत, भाल्यांच्या मागं रचून ठेवले गेले. तिथं ते इतके सुरक्षित राहिले की पुन्हा कुणाला दिसलेच नाहीत.

एवढ्यावर सगळं थांबलं असतं आणि सर सुखानं निवृत्त झाले असते. पण एका दुपारी स्टाफरूममध्ये पंख्याखाली बसून त्यांनी इंटरनेटवर शेळ्यांविषयी काहीतरी शोधलं, आणि एका परदेशी विदुषीचा मोठा आढावा समोर आला. जगातल्या झाडून सगळ्या कोरडवाहू प्रदेशांतल्या शेळ्या काय चरतात, याचा आढावा. सरांनी उघडायला बोट ठेवलं तर दार बंद. आत जायचं तर डॉलर मोजा. बाहेर ओट्यावर ठेवल्यासारखा तेवढा सारांश फुकट होता, आणि त्या सारांशात एक वाक्य होतं. दख्खनच्या या पट्ट्यातल्या शेळ्यांच्या चरण्याविषयी आजवर एकही अभ्यास झालेला नाही.

सरांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. एकही नाही? त्यांना ऊन लागून सलाईन लावावं लागलं होतं, ते? कळपाचे मालक धुळाप्पा, त्यांच्या बोकडानं मागून ढुशी देऊन निवडुंगात घातलं होतं, ते? शेळ्या आपल्या, माळ आपला, काटे तर आपलेच, आणि त्यांच्याविषयी जगात काय लिहिलंय हे वाचायला आपल्यालाच पैसे पडावेत, वर तिथं आपण जन्मलोच नाही असं लिहिलेलं असावं. सरांच्या जिव्हारी लागलं ते हे. घरी येऊन त्यांनी म्हाळसाबाईंना सांगितलं, तेव्हा त्या कणीक मळत होत्या.

“झालेला न्हाय कसा?” त्या म्हणाल्या. “आन् त्या चपला झिजल्या त्या कशानं?”

चपलांचा पुरावा परदेशात चालत नाही, हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी त्या विदुषीबाईंना सरळ पत्र लिहिलं. बाई सज्जन निघाल्या. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं की तुमच्या अभ्यासाविषयी ऐकून फार आनंद झाला, कृपया लिंक पाठवा. पुढच्या वर्षी आढाव्याची सुधारित आवृत्ती निघणार आहे, त्यात मी तुमचा लेख जरूर घेईन. अट एवढीच की तो तज्ज्ञांकडून तपासलेला असावा, जगात कुणालाही फुकट उघडता यावा, आणि ज्या नियतकालिकात आला असेल ते अशा खुल्या नियतकालिकांच्या आंतरराष्ट्रीय डिरेक्टरीत नोंदलेलं असावं.

सरांकडे लिंक नव्हती. सरांकडे क्रीडा विभागाची खोली होती. बाहेरची नावाजलेली खुली नियतकालिकं लेख छापायला लेखकाकडूनच पैसे मागत, आणि तेवढ्या पैशात अभ्यासापुरता नव्हे, धंद्यापुरता कळप आला असता. तेव्हा सरांनी ठरवलं की आपल्याच कॉलेजचा विशेषांक जगाला खुला करायचा. वाचायला फुकट, छापायला फुकट. नावही ठरलं, ‘माळरान’. काम छोटं वाटत होतं. ज्यांनी गळकी तोटी बदलण्यापासून सुरुवात करून शेवटी अख्खं न्हाणीघर पाडलंय, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

पहिला सल्ला शेजारच्या चन्नबसप्पा गुरुजींचा आला. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. संध्याकाळी ते ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि गल्लीतली कुठलीही गोष्ट त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढं सरकत नसे. सरांनी त्यांना सगळी कल्पना समजावून दिली. गरीब देशांतलं संशोधन जगाला दिसत नाही, कारण ते एकतर कपाटात असतं नाहीतर कुलपात. त्यावरचा उपाय म्हणजे ओपन ॲक्सेस. ज्ञानाचं दार सताड उघडं.

“फुकट ठेवू नका,” गुरुजी म्हणाले. “आपल्याकडं ज्या डॉक्टरची फी जास्त, त्याच्याच दारात रांग असते. आणि दार उघडं ठेवलं की आत काय काय शिरतं, हे तुम्हाला मी सांगावं? तुम्ही शेळ्यांतले.”

तरीपण सर निघताना गुरुजींनी एक इशारा दिला. संपादक मंडळ ही लग्नपत्रिकाच समजा, म्हणाले. कुणाचं नाव राहिलं की जन्माचा रुसवा. सरांनी ते हसण्यावारी नेलं. आंतरराष्ट्रीय नियतकालिकाचं संपादक मंडळ आणि लग्नपत्रिका यांचा काय संबंध, असं त्यांना वाटलं. संबंध होता. तो दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये कळला.

प्राचार्य अमरसिंह हे मिशांना नियमित कलप लावणारे आणि ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द ऐकला की खुर्चीत सरसावून बसणारे गृहस्थ. त्यांनी परवानगी तिथल्या तिथं दिली. मग मंडळाचा विषय निघाला. सरांच्या मनात विषय जाणणारे चारपाच जण होते. प्राचार्य म्हणाले, ते राहू द्या तळाशी, पण वर संस्थेचे अध्यक्ष नकोत का? अध्यक्ष आले की सचिव आले. सचिव आले आणि कोषाध्यक्ष नंदीशशेठ राहिले, तर पुढच्या वर्षी प्रयोगशाळेचं छत कोण घालणार? नंदीशशेठांचं पत्र्याचं आणि पाइपांचं दुकान होतं. संशोधनाशी त्यांचा संबंध म्हणाल तर प्रयोगशाळेचा नळ त्यांच्याकडून आलेला होता.

सरांनी हळूच म्हणून पाहिलं की डिरेक्टरीवाले सभासदांचं ज्ञान बघतात. प्राचार्य म्हणाले, ते ज्ञान बघतात, आपण मान बघू, म्हणजे दोन्ही बाजू झाल्या. मग नावं वाढतच गेली. प्रेरणास्थान, मार्गदर्शक, सल्लागार, विशेष सल्लागार आणि, कुणी सुचवलं ते आठवत नाही, पण स्वागतोत्सुक. अध्यक्षांचे मेहुणे आले म्हणून सचिवांचे साडू आले. ‘माळरान’च्या पहिल्या अंकात लेख होते चार आणि संपादक पन्नासच्या वर. वाचक मिळतील का, ही सरांची काळजी तेवढ्यापुरती मिटली. संपादकांनीच वाचला असता तरी पुरे होतं.

पुढची पायरी तपासणीची. रीत अशी की लेखकाचं नाव झाकून लेख तज्ज्ञांकडे पाठवायचा, म्हणजे भीडभाड न ठेवता मत येतं. सरांनी स्वतःच्या लेखावरचं नाव इमानदारीनं झाकलं. पण माकणीच्या माळावरच्या शेळ्यांवर दुसरं कोण लिहिणार? एका तज्ज्ञानं लिहिलं, ‘लेख उत्तम आहे. सरांनी उन्हात तब्येतीला जपावं.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘छापण्यास योग्य. वहिनींना नमस्कार.’ आपल्याकडं लेखी वाईट बोलणं ही चाल नाही. तोंडावर बोलणं तर त्याहून नाही. जे काय बोलायचं ते पाठीमागं, आणि पाठीमागचं कसं छापणार?

सरांच्या जागी दुसरा असता तर हे नमस्कार फाइलला लावून मोकळा झाला असता. पण सरांना खरी तपासणी हवी होती. त्यांनी लेख दूर दुसऱ्या राज्यातल्या, ज्याचं तोंडही पाहिलेलं नाही अशा एका पशुवैद्यक शास्त्रज्ञाकडे पाठवला. त्या भल्या माणसाला ना सर माहीत ना वहिनी. त्यानं लेखाची पिंजून पिंजून चिंध्या केल्या. सर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी उठून त्यांनी एकेक आक्षेप घेतला आणि निस्तरला. तक्ते नव्याने मांडले, दोन निष्कर्ष मागं घेतले, आणि मनाविरुद्ध का होईना, लेख आता जास्त खरा झाला हे स्वतःशी कबूल केलं. राहिला तो शेवटचा आक्षेप. कळपाच्या मालकाची लेखी संमती कुठे आहे?

कळपाचे मालक म्हणजे धुळाप्पा. माकणीच्या माळावर त्यांचा शेळ्यांचा मोठा कळप, तब्येत खणखणीत, आणि बांधावरून भांडायला सकाळी कुणी मिळालं की दिवसभर प्रसन्न. सर कागद घेऊन गेले. धुळाप्पांनी कागद उलटापालटा करून पाहिला आणि त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवायला लावलं. मग विचारलं, यात नाव कुणाचं? सर म्हणाले, माझं. तुमचे आभार शेवटी मानलेत.

“शेळ्या माझ्या, माळावर कुठं न्यायाच्या ते म्या ठरवलं, तुमाला निवडुंगातनं काढलं म्या,” धुळाप्पा म्हणाले. “आन् मला शेवटाला बसिवता व्हय मास्तर? पंगत उठल्यावर?”

सरांना त्यात तथ्य वाटलं. माळावरच्या वाटा खरोखरच धुळाप्पांच्या पायाखालच्या होत्या आणि अर्धी झाडं त्यांनी दाखवलेली होती. लेखकांत नाव घालतो, असं कबूल करून सर सही घेऊन आले. आडनाव विचारलं तर धुळाप्पा म्हणाले, आडनाव लावू नका, त्या आडनावाचे वस्तीवर लई हायती, उगं दुसराच कुणी मान घिऊन जाईल. नुसतं धुळाप्पा लिवा.

ही बातमी प्राचार्यांच्या कानावर गेली. संस्थाप्रमुख म्हणून लेखावर त्यांचंही नाव घालायचं आधीच ठरलेलं होतं. कुणी ठरवलं ते विचारू नये. आता प्रश्न आला क्रमाचा. प्राचार्य म्हणाले, माझं नाव शेळीवाल्याच्या खाली येणार असेल तर मला विचार करावा लागेल. धुळाप्पांनी निरोप पाठवला की माझ्या वर कुणी आलं तर सही माघारी. लेख तिथंच अडकला. पलीकडे आढाव्याची मुदत जवळ येत होती, आणि ते वाक्य तसंच जगाच्या समोर उभं होतं.

अखेर चन्नबसप्पा गुरुजींकडे न्याय गेला. गुरुजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, यात अवघड काय आहे? पत्रिकेत वडीलधारं माणूस पहिलं. मग वयानं उतरत यायचं. आणि ज्याच्या घरचं कार्य, तो सगळ्यांत खाली, ‘आपला नम्र’. यात कुणाचा अपमान झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

बिनतोड होतं. धुळाप्पा वयानं सगळ्यांत मोठे. प्राचार्यांना वाद घालायचा तर आपण धुळाप्पांपेक्षा वयस्कर आहोत असं म्हणावं लागलं असतं, आणि इतकी वर्षं मिशांना लावलेल्या कलपाचा तो अपमान झाला असता. त्यांनी क्रम मान्य केला. लेखावर नावं आली अशी: धुळाप्पा, मग अमरसिंह, मग सगळ्यांत शेवटी बिभीषण. घरचं कार्य म्हणून आपण मागं हात बांधून उभे राहिलो, याचं सरांना मनातून थोडं कौतुकच वाटलं. जगात ज्याचं काम जास्त त्याचं नाव पहिलं लावायची रीत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण मांडव घालायच्या घाईत माणसाला जगाची रीत कुठली आठवते?

अंक तयार झाला. सर एक बटण दाबून तो जगाला खुला करणार होते, तर प्राचार्य म्हणाले, विमोचन? विमोचन केल्याशिवाय अंक निघाला असं म्हणता येणार नाही. आता जी वस्तू हातात धरता येत नाही तिचं विमोचन कसं करायचं? यावर कॉलेजात बैठक झाली, आणि ठरलं की लॅपटॉपला चमकीचा कागद गुंडाळून लाल फीत बांधायची. सभागृह भरलं. धुळाप्पा नवा फेटा बांधून व्यासपीठावर, शाल आणि नारळ मांडीवर. अध्यक्षांनी फीत सोडली, कागद फाडला, लॅपटॉप उघडून दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. त्या भरात चार्जरची वायर निसटली. लॅपटॉपच्या बॅटरीनं कधीच प्राण सोडलेला होता, त्यामुळं पडदा काळा झाला. फोटोग्राफरनं फोटो घेतला, टाळ्या झाल्या, आणि अध्यक्ष ती काळी पाटी सगळ्या दिशांना दाखवत राहिले.

“जगात कुठंबी दिसतोय म्हनला न्हवं?” धुळाप्पांनी शेजारी बसलेल्या सरांना विचारलं, पण माइक चालू होता. “मग हितंच का दिसंना?”

या प्रश्नाला उत्तर म्हणून राष्ट्रगीत झालं.

तरी अंक निघाला. बटण घरी येऊन दाबलं तेव्हा तो निघाला. सरांनी डिरेक्टरीकडे अर्ज केला आणि वाट पाहू लागले. आता या डिरेक्टरीवाल्यांची पद्धत म्हणजे एकदम चोख. खोट्या नियतकालिकांचा जगात सुळसुळाट झालेला, म्हणून त्यांनी मंडळातल्या एकेकाला ईमेल पाठवला, इंग्रजीत. आपण या नियतकालिकाचे संपादक आहात हे खरं का? खरं असल्यास खालच्या लिंकवर बोट ठेवा.

त्या दिवसांत कुणालाही फोन लावला की आधी एक बाई सावध करत असे, अनोळखी लिंकवर बोट ठेवू नका, तुमचं खातं रिकामं होईल. उमरग्यात त्या बाईवर लोकांचा फार विश्वास. नंदीशशेठांनी तो ईमेल पाहिला, दुकानाचं शटर ओढलं, आणि फोन रुमालात गुंडाळून, कडेनं धरून, पोलीस ठाण्यात नेला. तासाभरात सरांना बोलावणं आलं. हवालदार घ्यायला आला तो नेमका दूध आणायच्या वेळेला, म्हणजे गल्लीतला प्रत्येक माणूस दारात असताना. चन्नबसप्पा गुरुजी खुर्चीतून उठून उभे राहिले. गेल्या कित्येक वर्षांत ते कशासाठी उठलेले नव्हते.

ठाण्यातले साहेब वयानं तरुण आणि बोलायला अदबीचे होते. त्यांनी सरांना बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, “तुम्ही शेठजींचं नाव परदेशात कळवलं?”

“हो.”

“त्यांना विचारून?”

“विचारून नाही. मानानं घातलं.”

“यात तुमचा फायदा काय?”

“काही नाही.”

“मग शेठजींचा?”

“त्यांचाही नाही.”

“मग फायदा कुणाचा?”

“कुणाचाही,” सर म्हणाले. “जगातल्या कुणालाही ते फुकट वाचता येतं.”

साहेबांनी सरांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. सर, आम्ही लोकांना हेच सांगतो, ते म्हणाले, कुणी फुकट म्हणलं की सावध व्हा. मग त्यांनी स्वतःच डिरेक्टरीचा पत्ता शोधून पाहिला, खरा निघाला, आणि चहा पाजून सरांना सोडलं. पण चहा आत पाजला, आणि बाहेर चौकात उभ्या असलेल्या लोकांना सर फक्त ठाण्यातून बाहेर पडताना दिसले. ज्या माणसाला वर्गात कधी कुणी उलट बोललं नाही, तो खाली मान घालून घरी आला आणि उपरण्यात तोंड घालून पडून राहिला. शेळ्यांनी कधी एवढी बेअब्रू केली नव्हती, असं ते म्हाळसाबाईंना म्हणाले.

वर डिरेक्टरीचं पत्र आलं. तुमच्या मंडळातल्या बहुतेक सभासदांनी उत्तर दिलेलं नाही, काहींनी आम्हालाच पोलिसांत देण्याची धमकी दिली आहे. लेखांपेक्षा संपादक कितीतरी पटीनं जास्त आहेत, आणि ‘स्वागतोत्सुक’ या पदाचं काम आम्हाला कळलेलं नाही. मंडळ विषयाच्या जाणकारांपुरतं ठेवून पुन्हा कळवावं, अन्यथा अर्ज निकाली काढण्यात येईल.

सर हताश झाले. नावं घालणं सोपं होतं. घातलेलं नाव काढायचं म्हणजे भर मांडवातून पाहुण्याला हाताला धरून उठवायचं. अध्यक्षांच्या मेहुण्यांना काय सांगणार? आढाव्याची मुदत संपेल, ते वाक्य आणखी काही वर्षं तसंच राहील, आणि तोवर आपण निवृत्त होऊ, याची त्यांनी मनाशी तयारी केली. त्या रात्री प्रथमच त्यांना वाटलं की बाईंचं वाक्य खरंच आहे. जो अभ्यास कुणाला दिसत नाही, तो झाला असं म्हणायचं तरी कसं?

आणि सकाळी दारावर थाप पडली. सचिवांचे साडू होते. ते म्हणाले, सर, तेवढं माझं नाव काढा. परदेशातून चौकशी येते म्हणतात. नंदीशशेठांना ठाण्यात नेलं म्हणे. शेठ स्वतःच्या पायानं गेले होते, हे सर सांगायला गेले, पण साडू ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांच्या मागोमाग मेहुणे आले. मग मार्गदर्शक, मग सल्लागार, विशेष सल्लागार तर गाडी चालूच ठेवून आले. दुपारपर्यंत ओट्याखाली चपलांचा ढीग लागला. ज्या माणसांनी नाव घालावं म्हणून वशिले लावले होते, तीच हात जोडत होती की नाव आजच्या आज काढा. म्हाळसाबाई चहा करून करून दमल्या.

“नाव घालाया बी च्या, काढाया बी च्या,” त्या म्हणाल्या. “ह्याच्यापरीस शेळ्या बऱ्या व्हत्या.”

संध्याकाळपर्यंत ‘माळरान’च्या मंडळात उरले सर, विषय जाणणारी मोजकी माणसं, आणि त्यांत नवा आला तो चिंध्या करणारा शास्त्रज्ञ, ज्यानं आपणहून लिहिलं होतं की सुधारलेला लेख वाचला, मला तुमच्यासोबत काम करायला आवडेल. डिरेक्टरीवाल्यांना नेमकं हेच हवं होतं. महिन्याभरात नोंद झाली. सरांनी विदुषीबाईंना लिंक पाठवली.

आढाव्याची सुधारित आवृत्ती आली, आणि बाईंनी या खेपेस ती सगळ्यांना खुली ठेवली होती. सरांनी ती स्टाफरूममध्ये उघडली. दार आपोआप उघडलं. ते जुनं वाक्य जिथं होतं तिथं नव्हतं. त्याच्या जागी लिहिलेलं होतं की दख्खनच्या या पट्ट्यातून आता एक अतिशय काटेकोर अभ्यास उपलब्ध झाला आहे, आणि पुढे कंसात, धुळाप्पा व इतर.

पुढच्या पानावर, धुळाप्पा व इतर यांनी दाखवल्याप्रमाणे. त्यापुढे, धुळाप्पा व इतर यांच्या मते. बिभीषण हे नाव एकदाच सापडलं, पार शेवटच्या यादीत, मुंगीएवढ्या अक्षरात. सोबत बाईंचं पत्र होतं, प्रिय डॉक्टर धुळाप्पा, आमच्या परिषदेत ऑनलाइन व्याख्यान द्याल का? तेवढ्यात प्राचार्य आत आले, त्यांनी वाकून वाचलं आणि दुखावल्या आवाजात म्हणाले, सर, मी प्राचार्य आहे हो, मी इतर कसा?

घरी येऊन सरांनी बाईंना खुलासा लिहायला घेतला. मूळ संशोधक मी आहे, उन्हात मी हिंडलो, निवडुंगात मी पडलो. लिहिलं आणि खोडलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि इतक्या वर्षांनी ते येऊ द्यायला त्यांना लाज वाटली नाही. म्हाळसाबाईंनी विचारलं, ते वाक्य गेलं का? सर म्हणाले, गेलं. मग तोंड कशानं पडलंय, असं त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सर मोबाइल घेऊन माकणीच्या माळावर गेले. धुळाप्पा बाभळीखाली बसले होते, कळप उतारावर पांगलेला. सरांनी आढाव्यातली ती जागा मराठी करून वाचून दाखवली. धुळाप्पांनी ती पुन्हा वाचायला लावली. मग आणखी एकदा. परदेशात आपलं नाव घेतलं गेलं याचं त्यांना नवल वाटलं नाही, उशीर झाला एवढंच वाटलं. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“धुळाप्पा म्हंजे म्या. त्ये ठीक हाय,” ते म्हणाले. “आन् इतर कोन? शेळ्या व्हय?”

सर समजावून सांगणार होते. इतर म्हणजे सहलेखक, ही विद्वानांची संक्षेपाची पद्धत आहे, वगैरे सगळं त्यांच्या ओठावर आलं. त्यांनी उताराकडं पाहिलं. शेळ्या एकेका झुडपापाशी थांबत, हुंगत, निवड करत चाललेल्या होत्या, आणि यातल्या कुणाचंही नाव कुठंच नव्हतं.

“शेळ्याच, मामा,” सर म्हणाले. “आणि शेळ्यांच्या मागं मी.”

धुळाप्पांनी मान डोलावली.

“मंग बरुबर लिवलंय त्या बाईनं,” ते म्हणाले. “तुमी मागंच ऱ्हायचा.”

सरांना हसू आलं. आधी थोडं आलं, मग आवरेना. उपरणं तोंडावर धरून ते बाभळीला टेकून हसत बसले, आणि धुळाप्पा, आपण हसण्यासारखं काय बोललो ते न कळून, पण पाहुणा खूश आहे म्हणून समाधानानं, त्यांच्याकडं पाहत राहिले.